धरणग्रस्तांचा वकील

चि. दिग्विजय यास ताईचा आशीर्वाद.

रविवारी आपल्या वकील आबांना भेटायला पाटणहून धरणग्रस्त यायचे, आपल्या साताऱ्याच्या ओसरीवर भाकरी सोडायचे आणि तू त्यांना ताक वाढायचास. एवढासा होतास, तरी कुणाचा पेला रिकामा राहू द्यायचा नाहीस.

मी इथे अमेरिकेत बरी आहे. गुडघा फारसा दुखत नाही. तुझा भाचा वीरधवल कामाला गेला की वाचनालयात बसते. तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या इथल्याच एका अमेरिकन वकिलाचं चरित्र वाचलं. धरणात शेतं गेलेल्यांचे खटले त्याने लढवले, त्या माणसांनी त्याला निवडून दिलं, आणि विधिमंडळात त्याने धरणाच्या कंपनीच्या बाजूने मत दिलं. पुस्तकात त्याच्या पुतळ्यावर तीन पानं आहेत. खटल्यांचं पुढे काय झालं, त्यावर एक ओळ नाही.

काल पाटणच्या अंबूबाईंचा फोन आला.

"ताई, आवं, वकीलसायेब निवडून आल्यापासनं फोन उचलत न्हाईत. फुडल्या म्हयन्यात तारीख हाय. आमच्याकडनं कोण उभं ऱ्हानार?"



तुझी शुगर कशी आहे? मंगल पथ्य सांभाळते ना?

आता एवढं कर. धरणग्रस्तांची मूळ कागदपत्रं ज्याची त्याला स्वतः नेऊन दे. खटल्याची फाईल तुझ्या लेकीला, साक्षीला दे. तिला नुकतीच वकिलीची सनद मिळाली आहे आणि ती कुणाला भीत नाही. आबांचा काळा कोटही तिलाच दे. तुला सत्काराच्या शाली पुरतील.

तुझी,
ताई