नॉझल आधीपासूनच तडकलेलं होतं

८ जानेवारी, सोमवार
कालपासून डोकं ठिकाणावर नाही.
काल नेमबाजीच्या क्लबमध्ये बायको सेमी-फायनल जिंकली. येत्या रविवारी फायनल, तिची पहिलीच. मला आनंद झाला, पण तो गेटपर्यंतच टिकला. गेटवर एक जण दुसऱ्याला सांगत होता, बॅगवाले आले, गेट सोडा. बॅगवाले म्हणजे मी. इतकी वर्षं तिची बॅग वाहिली त्याचं हे फळ.
त्यात काल पिस्तूल मध्ये मध्ये अडखळलं. एअरसॉफ्टचं आहे, गॅसवर चालतं, प्लॅस्टिकच्या गोळ्या मारतं. बायको म्हणते, काही झालेलं नाही, थंडीत गॅस मंदावतो, मॅगझिन, म्हणजे गॅस आणि गोळ्या भरायची डबी, अंगाशी धरून जरा गरम ठेवलं की झालं. हे पिस्तूल आहे की दुधाचं पातेलं? दोष आतल्या पार्टमध्ये आहे. मला आवाजावरून कळलं.
संकल्प: फायनलच्या आत पिस्तूल स्वतः दुरुस्त करणार. मग बघू कोण कोणाला बॅगवाले म्हणतो.

९ जानेवारी, मंगळवार
रजा. बायको ऑफिसला गेल्यावर डायनिंग टेबलावर टॉवेल अंथरला आणि पिस्तूल उघडलं. व्हिडिओतला माणूस म्हणतो, आता स्प्रिंगवर बोट ठेवा. हे तो स्प्रिंग उडाल्यावर म्हणतो. बेजबाबदार माणूस. डिसलाइक केलं.
आई म्हणाली, सोफ्याखाली गेली असेल. सोफा सरकवला. पाठीत उसण. स्प्रिंग नाही, पण आईचा हरवलेला चष्मा सापडला. आई खूश.
आता मुख्य शोध. नॉझल, म्हणजे गॅस गोळीच्या मागे नेणारी पेराएवढी नळी, स्क्रू-ड्रायव्हरने जरा उचकटली तर कट्कन दोन तुकडे. चांगला पार्ट असा तुटत नाही. म्हणजे तो आधीपासूनच तडकलेला होता. निदान अचूक.
संध्याकाळी बायकोला दाखवलं. तिने टॉवेलावरचे दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. मग म्हणाली, काल घरी तर नीट चालत होतं. मी म्हटलं, आतला आजार बाहेरून दिसत नाही. ती उठून गेली. जाताना दोन्ही मॅगझिन उचलून घेऊन गेली. कौतुकाचा एक शब्द नाही.

१० जानेवारी, बुधवार
हार्डवेअरच्या दुकानात गेलो. चिकटवायचा गोंद मागितला तर दुकानदार विचारतो, काय चिकटवायचंय. सांगितलं. तर म्हणाला, हा गोंद बादल्यांचा, गॅसच्या दाबापुढे टिकणार नाही, नवीन पार्ट आणा. मी म्हटलं, बादलीही प्लॅस्टिकची, पार्टही प्लॅस्टिकचा. गोंद विकायला बसलाय आणि गोंद घेऊ नका म्हणतो. असली नाकाने कांदे सोलणारी माणसं दुकान काढतात कशाला?
नॉझल चिकटलं. अंगठाही चिकटला. आईने कोमट पाण्यात साबण घालून सोडवला. सोडवताना म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. चष्मा मी शोधून दिला हे ती एका दिवसात विसरली.

११ जानेवारी, गुरुवार
सकाळी क्लबच्या सेक्रेटरीचा फोन. मिशा आहेत म्हणून स्वतःला कर्नल समजतो. म्हणाला, माझ्या ड्रॉवरमध्ये तसलंच नॉझल पडलंय, येऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे. म्हणजे बायकोने आमची अब्रू वेशीवर टांगलेली आहे.
मी सांगितलं, गरज नाही, पिस्तूल दुरुस्त झालं, उलट तुमचंच काही बिघडलं असेल तर पाठवा. त्याने बरं म्हणून फोन ठेवला. बरी जिरली.
फोन ठेवून पाहिलं तर गोंद अजून ओला. म्हणजे मी थापा मारल्या असं नाही. रविवारपर्यंत खरं होणार ते आज सांगितलं, इतकंच.

१२ जानेवारी, शुक्रवार
ऑफिस. स्प्रिंगचा प्रश्न सुटला. साहेबांच्या पेनमध्ये हुबेहूब तशीच आहे. होती. साहेब दिवसभर पेनाचं बटण दाबत होते, रिफिल काही बाहेर येईना, आणि खेकसले माझ्यावर. ज्याचा संबंध नाही त्याच्यावर राग काढायची ही काय पद्धत?
घरी येऊन पिस्तूल जोडलं. एक बारीक पिन उरली. कंपन्या जास्तीची देतात.
चाचणीसाठी मॅगझिन मागितलं. बायको म्हणाली, रविवारी काढीन. स्वतःच्या नवऱ्यावर एवढाही विश्वास नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. जेवलो नाही. नंतर जेवलो.

१३ जानेवारी, शनिवार
स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, अर्ध्यावर अडकली. पुढे जाईना, मागे येईना. सिलिकॉन ऑइल नव्हतं म्हणून आईचं केसांचं तेल घातलं. तेलाने गोंद सुटला आणि जिथे नको तिथे जाऊन बसला. चपलेने ठोकलं. चपलेचा अंगठा तुटला.
बायको आली. तिने स्लाइड ओढून पाहिली, पुन्हा पाहिली, मग पिस्तूल हळूच टॉवेलावर ठेवलं. आत निघून गेली. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं.
थोड्या वेळाने बेडरूममध्ये डोकावलो. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. हात सरळ समोर, मुठीत काहीच नाही. नुसतं बोट दाबत होती, हात खाली घेत होती, परत उचलत होती. मी दार हळूच लोटलं.
या पिस्तुलाच्या कंपनीला एकदा गाठलं पाहिजे.

१४ जानेवारी, रविवार. सकाळ
पिस्तूल घट्ट आहे. घट्टपणा हे मजबुतीचं लक्षण. बॅगेत भरलं. ऐन वेळी सुटेल.

संध्याकाळ
तिने बॅग उघडलीसुद्धा नाही. सेक्रेटरी स्वतःचं पिस्तूल घेऊन उभा होता, तेच मॉडेल. मंगळवारीच ठरलं होतं म्हणे. म्हणजे गुरुवारी मी फोनवर बोलत होतो तेव्हा तो माणूस सगळं माहीत असून ऐकत होता.
मैदानात बर्फासारखा वारा. बायकोने कोटातून दोन्ही मॅगझिन काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, एकेक खिशात ठेव, वरून मूठ धर, मी मागेपर्यंत हात बाहेर काढू नकोस. बाकी कशाला हात लावू नकोस.
मी उभा राहिलो. सेक्रेटरीच्या मिशांवर चिडलो, दुकानदारावर चिडलो, साहेबांवर, कंपनीवर, व्हिडिओतल्या माणसावर चिडलो. कानशिलं तापली होती. ती प्रत्येक फेरीनंतर यायची, एका खिशातलं मॅगझिन काढायची, गार झालेलं दुसरं त्यात सरकवायची. इतरांची पिस्तुलं थंडीने खोकत होती. तिचं एकदाही अडखळलं नाही.
जिंकली. कप घेताना माइकवर म्हणाली, पिस्तुलाबद्दल सेक्रेटरींचे आभार, आणि खिशांबद्दल यांचे. लोक खूप हसले. तीही माझ्याकडे बघून हसली, पण लोकांसारखं नाही. डोळ्यांत पाणी आलं. वारा होता.
नॉझल बदलायला आमचं पिस्तूल सेक्रेटरी बॅगेसकट घेऊन गेला. मी नको म्हणालो नाही. मोकळाच गेटपाशी आलो, हात सवयीने अजून खिशातच.
गेल्या रविवारचा तोच माणूस दुसऱ्याला सांगत होता, शेगडी आली, गेट सोडा.