बाबांच्या रिव्हॉल्व्हरची पितळी मूठ

९ जानेवारी २०२४, मंगळवार. अमरावती

अकोल्याच्या कचेरीतून पत्र. बाबांच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना माझ्या नावावर करण्याचा अर्ज परत. कारण एका ओळीत: शस्त्राची मूठ मूळ स्वरूपात नाही. मूळ मूठ बसवून आणा, नाहीतर शस्त्र सरकारजमा करा. साठ दिवस.

बाबांनी ती मूठ छत्तीस वर्षं वापरली. दर नूतनीकरणाला याच कचेरीत दाखवली. तेव्हा कुणाला खुपली नाही. बाबा जाऊन दोन महिने झाले नाहीत तर खुपली.

दहावीला भूमिती शिकवताना फळ्यावर चुकीची आकृती काढली. पोरींनीच सांगितलं.

१४ जानेवारी, रविवार. अकोला

भोगी. धाकट्या भावाकडे, विलासकडे आले. भावजय शोभानं भाजी छान केली होती, तीळ लावलेली भाकर. विषय मीच काढला आणि जेवणाची चव घालवली.

वि. म्हणाला, "ताई, जुनी मूठ बाबाच्या पेटीत हाय. पाच स्क्रू काढा, पाच लावा. च्या थंडा व्हायच्या आत काम होते. काहून भांडून राहिली तू सरकारसंग?"

म्हटलं, बसवणार नाही.

"काहून पण?"

काहून! याला काय सांगायचं. तो तेव्हा सहा वर्षांचा, मी पंधराची. कडबा कापायच्या यंत्रात बाबांचा उजवा अंगठा गेला तेव्हा यंत्र मी थांबवलं. रिव्हॉल्व्हर आजोबांचं, विलायती, जुन्या पद्धतीचं. दर गोळीला घोडा मागे ओढावा लागतो आणि तो ओढतात अंगठ्यानं. सगळा गाव सांगायला लागला, पाटील, आता जमा करून टाका. पोलीस पाटलानं तर अर्जच लिहून आणला. बाबांनी तो वाचला, घडी घातली आणि त्याच्याच खिशात परत ठेवला.

हे वि.ला आठवत नाही. त्याची चूक नाही. पण मला आठवतं, त्याचं काय करू?

वि. म्हणाला, "मग मी हरकत नसल्याची सही देणार नाही. तू अगोदर मूठ बदल." दोघंही वारस. त्याच्या सहीशिवाय माझा अर्ज पुढे सरकत नाही. त्याला माहीत आहे.

२७ जानेवारी, शनि. अकोला

जुन्या शहरात हमीदचाचांच्या दुकानात. बाबा गेल्यावर रिव्हॉल्व्हर नियमाप्रमाणे त्यांच्याकडेच जमा आहे. मूठही त्यांनीच घडवलेली. चाचा ऐंशीच्या पुढे, बंदुका दुरुस्त करण्यात जन्म गेला. आता नजर मंद झाली, बोटं मात्र अजून चपळ.

त्यांनी तिजोरीतून काढून मखमलीवर ठेवलं. कुरूप आहे, कबूल. मूठ पितळेची, भलती वाकलेली, म्हशीच्या शिंगासारखी. डाव्या अंगाला पितळेचंच एक पान वर आलेलं. अंगठ्यानं आवळायचं काम ते पान करतं. घोडा बाबा डाव्या हातानं ओढत.

"पाच बार साचा बनाया," चाचा म्हणाले. "तुमचे बाबा दर आयतवारी यायचे, हात आमच्यासमोर ठेवून द्यायचे. बोलायचे, चाचा, लाजू नका, नीट मोजा. एवढ्या जखमेवर आम्ही हात लावायला डरत होतो, बेटा."

परवानगी घेतली होती का, हे विचारलं. चाचांनी त्या वर्षीचं रजिस्टर शोधलं. दीड तास लागला. उर्दूतली एक ओळ वाचून दाखवली: कचेरीचं परवानगीपत्र पाहून काम हाती घेतलं. पत्राचा क्रमांकसुद्धा आहे.

पत्र मात्र आमच्याकडे नाही. बाबांच्या पेटीत तीनदा पाहिलं.

८ फेब्रुवारी, गुरु.

मधल्या सुट्टीत चाचांचा फोन. "तुमचे भाऊ आले होते. जुनी मूठ घेऊन. म्हणाले, बदलून टाका, ताईले मी सांगतो."

विचारलं, "मग?"

"मग काय. मी म्हटलं, एका वारसाच्या बोलण्यावर मी हात लावत नाही. आणि दोघांच्या बोलण्यावर पण लावणार नाही. दुसरा कारागीर पहा."

वि.ला फोन केला. शाळेच्या जिन्यात उभं राहून ओरडले. मुख्याध्यापक बाई खालून वर आल्या, मला बघून परत गेल्या. तो एवढंच म्हणाला, "तुले त्रास नको म्हणून गेलतो मी." खरंच असेल. पण माझ्या मागे जाऊन?

उत्तरपत्रिका तशाच राहिल्या.

१८ फेब्रुवारी, रवि. अकोला

वि.ला म्हटलं, एकदा हातात घेऊन बघ, मग सही दे नाहीतर देऊ नको. आला. कुरकुरत, पण आला.

चाचांनी रिकामं असल्याची खात्री केली, दोघांना दाखवलं, मग त्याच्या हातात दिलं. त्यानं नेहमीसारखं धरलं. पितळेचं पान अंगठ्याच्या मुळाशी रुतलं. "पहा! धरताच येत नाही. हे काय हत्यार हाय?"

चाचा म्हणाले, "अंगठा आत घ्या."

त्यानं अंगठा तळव्यात दुमडला. मूठ हातात बसली. बाबांचा नि त्याचा पंजा एकच, रुंद, बुटक्या बोटांचा. पान अंगठ्याच्या जागी हाताला टेकलं.

चाचा दुसरीकडे बघत कानस पुसत बसले.

मग त्यानं पेन मागितला आणि सही केली. म्हणाला, "हे तुह्या हट्टापायी करून राहिलो. बाबासाठी नाही." डोळे लाल होते. मी हो म्हटलं.

२६ फेब्रुवारी, सोम. अकोला

सुनावणी. अधिकारी बाई तरुण आहेत, सभ्य आहेत. उद्धट असत्या तर सोपं गेलं असतं.

म्हणाल्या, "मॅडम, ही मूठ अंगठा नसलेल्या माणसाची. तुम्हाला तर अंगठा आहे."

म्हटलं, आहे.

"मग पितळी मूठ काढून घरी कपाटात ठेवा ना, आठवण म्हणून. मूळ मूठ बसवली की मी आजच मंजूर करते."

क्षणभर वाटलं, काय हरकत आहे? साडेचारची गाडी मिळेल, हे संपेल. वि. मागच्या बाकावर होता. त्याच्याकडे पाहिलं नाही.

म्हटलं, "मग ते माझ्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर होईल. मी माझ्या बाबांचं मागते आहे. याच कचेरीनं त्यांना परवानगी दिली होती. हा क्रमांक. पत्र तुमच्या दप्तरात असेल. ते आधी शोधा, मग मला बेकायदेशीर म्हणा."

आवाज वर्गात होतो तसा झाला होता. बाईंनी क्रमांक उतरवून घेतला. म्हणाल्या, छत्तीस वर्षांपूर्वीचं दप्तर आहे, सापडेलच असं नाही.

मागून वि. म्हणाला, "सापडेस्तोवर आमी येत राहू."

५ मार्च, मंगळवार. अकोला

रजा टाकून आले. मुदतीला चार दिवस उरले. दप्तरखान्यात त्या वर्षांचे गठ्ठे आहेत, पण अर्धेच उघडलेत. बाकीचे कधी, कुणी सांगत नाही. बाई दौऱ्यावर.

टेबलावरच्या बाबूंनी छापील हमीपत्र पुढे केलं: मूळ मूठ तीस दिवसांत बसवीन, तोवर मुदतवाढ मिळावी. "सगळेच देतात मॅडम. सही करा, पुढचं पुढे."

पूर्ण वाचलं. सोबत आणलेला माझा अर्ज काढला: परवानगीपत्राचा शोध पूर्ण होईपर्यंत मुदत थांबवावी. त्यावर आवकचा शिक्का मारून घेतला. हमीपत्र त्यांच्याकडे परत सरकवलं.

ते म्हणाले, "मॅडम, सही राहिली."

म्हटलं, "राहिली नाही. केली नाही."