कार्यक्रम झाला की ऑपरेशन

४ फेब्रुवारी
ताई ऐकत नाही! — लिहिलं आणि हात थांबला.

तिचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला. आता उजव्याच्या नसेवर गाठ. काढली तर ऐकू येणं कायमचं संपलं, ठेवली तर मेंदूवर दाबणार. डॉक्टर म्हणाले, "उशीर करू नका." ताई म्हणाली, "बावीस तारखेनंतर. आमच्या बाईंचा कार्यक्रम आहे, परगावच्या बागेत."

बाई म्हणजे तिची लाडकी गायिका. ताईच्या पार्लरमध्ये दिवसभर तिचीच गाणी. पण समोर बसून एकदाही ऐकलेलं नाही. आधी आईचं आजारपण, मग माझं शिक्षण! मी दोघांची तिकिटं काढली.

११ फेब्रुवारी
गिऱ्हाइकाचे केस कापताना ताईनं एकदम आरशाचा आधार घेतला. "चक्कर नाही रे, पाय घसरला." कोरड्या फरशीवर?

२१ फेब्रुवारी
गाडीत ताई खिडकीशी, खुशीत. मी हॉटेल, बागेचं फाटक, जवळचं हॉस्पिटल — सगळं पुन्हापुन्हा तपासतोय. "सहलीला निघालोय की लढाईला?" म्हणाली. हसलो. हॉस्पिटलचा नंबर फोनमध्ये साठवला.

२२ फेब्रुवारी
कार्यक्रम रद्द!

बाग माणसांनी गच्च भरलेली, दिवे लागलेले, आणि निवेदक सांगतो — बाईंचा घसा बसलाय, आता मे महिन्यात. मे! म्हणजे ताई मेपर्यंत थांबणार. तिच्याकडे बघायचा धीर होईना.

लोक मात्र उठेनात. मागून एका आजोबांनी बाईंच्या गाण्याची एक ओळ म्हटली. चक्क बेसूर! शेजारच्या मुलींनी ती उचलली. मग कारंज्यापलीकडून, झाडांखालून... सगळी बागच गायला लागली. ताई उठून उभी राहिली. आणि मी — चारचौघांत तोंड न उघडणारा मी — गायलो! ताईनं उजवा कान माझ्याकडे केला. "तू गप्प बस, चाल बिघडवतोस." माझा हात मात्र घट्ट धरून ठेवला.

हॉटेलवर परतलो. मेचं विचारायची माझी छाती झाली नाही.

२३ फेब्रुवारी
परतीची गाडी. कार्यक्रमवाल्यांचा मेसेज — हेच तिकीट मेमध्ये चालेल. ताईनं वाचला, फोन पर्समध्ये टाकला, बाहेर बघत बसली. संपलं! आता तिला कोण समजावणार? तिच्यापुढे माझं कधी चाललंय?

२४ फेब्रुवारी
सकाळी स्वयंपाकघरातून ताईचा आवाज. फोनवर होती. "डॉक्टर, गुरुवारी येते मी. हो, ऑपरेशनलाच. कार्यक्रम? झाला की!"

मी दारात आलो. हुंदका आवरेना.

"रड बाबा, मोठ्यानं रड," ताई म्हणाली. "गुरुवारपर्यंत येतंय ऐकू."