कळंब्याचे शेड आणि ऐश्वर्याची सही

मी, अंजना शांतिनाथ बोरगावे, वय अडुसष्ट, धंदा लेथचे काम, राहणार कळंबा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची झडप तेवढी शाबूत नाही. ती सोमवारी बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. ज्याची छाती उघडणार नाही त्याला असे म्हणायला काय जाते? हे लिहिताना माझ्यावर कुणाचा दबाव नाही. उलट माझाच इतरांवर असतो असे घरात म्हणतात, आणि ते खोटे नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. या आठवड्यात तीन वेळा सुरुवात करून फाडले, ते कुणी जोडत बसू नये.

कलम १. माझी माणसे. पती शांतिनाथ एकोणीस वर्षांपूर्वी वारले. मुलगा जिनेश पुण्यात नोकरीला आहे. शनिवारी येतो, रविवारी जातो. सून ऐश्वर्या इथे शाळेत विज्ञान शिकवत होती. टाळेबंदीत शाळा बंद पडली तेव्हा शेडमध्ये मापे घ्यायला म्हणून आली, ती परत शाळेत गेलीच नाही. मला ती अत्ती म्हणते. चौथा गुंडू, आमचा टर्नर. सत्तावीस वर्षे लेथवर उभा आहे आणि तेवढीच वर्षे माझे ऐकत नाही.

कलम २. शेड माझे कसे झाले. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून आमच्याकडे कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचा कच्चा माल, येते. आम्ही त्यातून पंपाचे बुश, दांड्याभोवती बसणाऱ्या आखूड नळ्या, काढून देतो. अठ्ठ्याण्णव साली महिला उद्योजकांसाठी कसलीशी योजना निघाली. मी कणीक मळत होते. शांतिनाथ कागद घेऊन चुलीपाशी आले आणि म्हणाले, "नुसती सही कर, बाकी मी बघतो." मी हात धुवेपर्यंतही थांबले नाहीत. कागदावर कणकेचा अंगठा उमटला आणि मी 'बोरगावे इंजिनिअरिंग वर्क्स'ची प्रोप्रायटर झाले. आमच्या भागातल्या कितीतरी शेडांच्या मालकिणींनी शेडचे दार पाहिलेले नाही. माणूस वाईट नव्हता. रीतच तशी होती, आणि रीत म्हटली की कुणी विचारत नाही.

पाच वर्षांनी एक लॉट मापात चुकला. कारखान्याची नोटीस आली ती माझ्या नावाने. मी पोस्टमनला विचारले, "हे प्रोप्रायटर म्हंजे कोण?" तो म्हणाला, "तुम्हीच की वहिनी." त्या भरपाईत माझ्या माहेरच्या पाटल्या गेल्या. किती तोळ्यांच्या ते लिहीत नाही. चूक लेथवर झाली आणि हात माझे रिकामे झाले. मालकाची अशी एकट्याची फर्म असली की धंदा आणि घर यांच्यामध्ये भिंत नसते, हे मला त्या दिवशी कळले.

शांतिनाथ गेले तेव्हा वडीलधारे म्हणाले, बारा दिवस शेड बंद. तिसऱ्या दिवशी कास्टिंगचा टेंपो दारात उभा राहिला. गुंडू आत येऊन म्हणाला, "मालक गेलं, आता सही कुणाची घ्यायची?" मी म्हणाले, "माझी. पहिल्यापासनं माझीच हाय." त्यांच्या जाण्याने धंद्याचा एक कागदसुद्धा बदलावा लागला नाही, कारण कागदावर ते कधी नव्हतेच.

कलम ३. कंपनी का. मी गेले तर मात्र सगळे बदलेल. आमच्या सीए संयोगिता यांनी आषाढात मला समोर बसवून सांगितले, "काकू, या धंद्याचा जीव तुमच्यात आहे. तुम्ही गेलात की जीएसटी नंबर गेला, परवाने गेले, कारखान्याच्या पुस्तकातलं तुमचं नाव गेलं. ऐश्वर्याला सगळं पहिल्यापासून." उपाय विचारला तर म्हणाल्या, प्रायव्हेट लिमिटेड करा. कायद्याच्या नजरेत कंपनी हे वेगळे माणूस. भागधारक मेले, बदलले, भांडले तरी ती राहते. आणि बुडाली तर तिच्यात घातले तेवढेच बुडते, नुकसान घराच्या उंबऱ्याबाहेर थांबते. गुंडू दारात उभा राहून ऐकत होता. "म्हंजे कंपनीला सुतक न्हाई?" त्याने विचारले. नाही, असे संयोगिता म्हणाल्या. त्याला ते पटले नाही, पण मला तिथेच पटले.

कसे करतात तेही लिहिते, कारण मी नसले तर जिनेश फोनवर विचारेल आणि ऐश्वर्याला सांगायला सवड नसेल. दोन माणसे लागतात, इथे मी आणि ऐश्वर्या; तेच दोघे भागधारक आणि तेच संचालक चालतात. प्रत्येकाची डिजिटल सही काढतात. ती पेनड्राइव्हसारख्या एका काडीत असते. मग नाव. मी पद्मावती दिले, ते आधीच कुणीतरी घेतलेले. आदिनाथ, पार्श्वनाथ, बाहुबली, सगळे गेलेले. संयोगिता म्हणाल्या, "काकू, देव सोडा आता, त्यांच्या केव्हाच कंपन्या झाल्यात." शेवटी गुंडू वैतागला, "बुशच करतोय न्हवं? मग बुशच म्हणा की." नाव मंजूर झाले: कळंबा बुश अँड टर्निंग प्रायव्हेट लिमिटेड. त्यानंतर कंपनी काय करणार आणि कशी चालणार याचे दोन दस्त, नोंदणीकृत पत्ता, दोघींच्या सह्या, आणि अर्ज. मंजुरीचे प्रमाणपत्र आले की कंपनी जन्मली. पुढे तिच्या नावाने बँकेत खाते, नवा जीएसटी, तीस दिवसांत ऑडिटर. हे विसरू नये.

कलम ४. मीटर आणि वृषभ भावजी. पत्त्यासाठी दोन महिन्यांच्या आतले वीजबिल आणि जागामालकाची नाहरकत लागते. आमच्या शेडचे बिल अजून मामंजींच्या नावे येते. मामंजी जाऊन बावीस वर्षे झाली. नाव बदलायचे कुणाच्या जिवावर आले नाही. शांतिनाथ तर बिल कपाळाला लावून मगच फोडायचे. आता त्या भक्तीपायी मला धाकट्या दिराच्या, वृषभ भावजींच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, कारण जागेवर दोन्ही भावांची नावे आहेत. टेंपो आला त्या तिसऱ्या दिवशी चार माणसांत ते म्हणाले होते, "बायकांच्या हातात लेथ गेला की गंज चढतोय." तेव्हापासून आमचे बोलणे नव्हते. त्यांनी नाहरकतीवर सही केली आणि विचारले, "अजून चालतोय व्हय लेथ?" मी म्हणाले, "गंज चढायला सवडच मिळाली न्हाई, भावजी." त्यांनी चहा विचारला, मी घेतला नाही. घ्यायला हवा होता. माझ्यामागे ऐश्वर्याने एकदा जाऊन तो घ्यावा, आणि मीटरवर कंपनीचे नाव लावावे.

कलम ५. वाटणी. राहते घर जिनेश आणि ऐश्वर्या या दोघांना समान, दोघांच्या सहीशिवाय विकता येणार नाही असे. जिनेश, तू म्हणतोस शेड विकून टाक, जागेला भाव आहे, आराम कर. तुझा जीव आहे माझ्यावर, कळते मला. पण मला आरामाने बरे वाटत नाही. बँकेतली ठेव जिनेशला. त्यातून बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, पिण्याच्या पाण्याची टाकी बसवावी आणि तिच्यावर माझे नाव घालू नये. शांतिनाथांचा माप घ्यायचा मायक्रोमीटर गुंडूला. तो गेली एकोणीस वर्षे त्याच्याच खिशात आहे, आता कागदावरही त्याचा. माझ्यामागे जेवणावळी घालू नयेत, आणि शेड दोन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवू नये.

कलम ६. शेडमधली यंत्रे. इथे मला नीट लिहिता येत नाही, कारण आज शनिवार, सकाळचे अकरा वाजलेत, अर्ज तासाभरापूर्वीच गेला आहे आणि मी दोनदा फोन करून प्रमाणपत्र आले का विचारले. संयोगिता म्हणाल्या, "काकू, निदान सरकारला चहा तरी पिऊ द्या." म्हणून दोन्ही लिहून ठेवते. मी जाण्याआधी कंपनी जन्मली तर तिच्यातले माझे सगळे शेअर ऐश्वर्याला. यंत्रे कंपनीच्या नावे करायची राहिली असतील तर तीही तिलाच, मग तिने ती कंपनीत घालावीत. कंपनीच्या आधी मी गेले तर तिन्ही लेथ, ड्रिल मशीन आणि सगळी हत्यारे ऐश्वर्याला. तिने पुन्हा पहिल्यापासून कंपनी काढावी आणि दुसरा संचालक गुंडूला करावे. तो नको म्हणेल. त्याचे ऐकू नये.

कलम ७. हे खरे तर पहिले लिहायला हवे होते. अर्ज गेल्या सोमवारीच जायचा होता. ऐश्वर्याची सही नव्हती म्हणून अडला. कंपनीच्या कागदांबरोबर बँकेनेही एक गठ्ठा दिला होता. नव्या सीएनसी मशीनचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचे कर्ज, तारीख नंतर घालू, सह्या करून ठेवा. मी एका बैठकीत सगळीकडे सह्या केल्या आणि गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. तोंडातून निघून गेले, "नुसती सही कर, बाकी मी बघते."

तिने गठ्ठा घरी नेला. सोमवार गेला, मंगळवार गेला. ती एकेक पान पेन्सिलने वाचत होती. मी चिडले. माझ्या हातात दिवस किती आहेत हे हिला दिसत नाही का, असे गुंडूपाशी बोलले, जिनेशला फोन करून बोलले, तिला ऐकू जाईल असे भांड्यांशीही बोलले. गुरुवारी ती एक पान घेऊन माझ्यासमोर बसली.

"अत्ती, कंपनी कशाला काढालायसा?"

"घर वाचावं म्हणून."

"मग ह्या कागदात घर कशाला लिवलंय?"

बँकेच्या गठ्ठ्यात संचालकांची वैयक्तिक हमी होती. कंपनी बुडाली तर घर देऊ, असे मी माझ्या हाताने लिहून दिले होते. भिंत बांधायला निघालेल्या बाईने आधीच तिच्यात दार पाडून ठेवले होते. मी ओरडले, "सगळेच देतात!" ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही वाचलासा काय हे?"

मी वाचले नव्हते. अठ्ठ्याण्णव सालीही नाही आणि आताही नाही. मला त्या क्षणी तिचा फार राग आला आणि त्याहून जास्त माझी लाज वाटली. मी शेडमध्ये जाऊन उगाच लेथ पुसत राहिले. गुंडूने एकदा पाहिले आणि तो बाहेर गेला.

काल, शुक्रवारी, मी तो गठ्ठा घेऊन बँकेत गेले. चष्मा लावून तिथेच बाकावर बसून सगळा गठ्ठा वाचला, दीड तास लागला, आणि माझ्या सहीचे कागद देणार नाही असे सांगितले. साहेब म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं तुम्ही कधी वाचायला मागितलं नाही." मी म्हणाले, नाही मागितले, माझे चुकले. सीएनसी मशीन राहू दे. पुढे बँक मशीनच्याच तारणावर कर्ज देणार असेल तर ऐश्वर्याने घ्यावे. घर कुठल्याही कागदात लिहायचे नाही, ही माझी शेवटची इच्छा समजावी.

दुपारी तिने कंपनीच्या अर्जावर सही केली. तिची काडी तिच्याच पर्समध्ये राहील. जिनेशने, बँकेने, मी बरी होऊन घरी आले तर मीसुद्धा, ती मागू नये. चार दिवस मी तिच्या सहीची वाट पाहत घर डोक्यावर घेतले. माझ्या सहीसाठी मात्र त्या दिवशी कुणाला कणीक मळून होईपर्यंतही थांबावे लागले नव्हते. पोरी, मला हे तोंडाने सांगता आले नसते, म्हणून इथे लिहिले.

हा सगळा मजकूर मी लिहिला, दोन वेळा वाचला, दोन ठिकाणी खोडून बाजूला सही केली, आणि आता, संयोगिता इथे आल्यावर, दोन्ही साक्षीदारांना समोर बसवून शेवटची सही करते. शेजारचे सयाजीराव आल्या आल्या पेन उघडून म्हणाले, "कुठं करू? वाचायचं कशाला, तुमच्यावर इस्वास हाय की." मी म्हणाले, "इस्वास असू दे. चष्मा लावा आणि आधी वाचा." ते वाचत आहेत. तिसऱ्या पानावर आलेत.

स्थळ: कळंबा, कोल्हापूर
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५

(सही) अंजना शांतिनाथ बोरगावे

साक्षीदार:
१. (सही) संयोगिता घाटगे, सीए, कोल्हापूर
२. (सही) सयाजी माने, कळंबा. सगळं वाचलं.