दाराला बांधलेला झेंडा

११ ऑगस्ट, सोमवार
गुडघा आज बरा. सकाळी वि. आला, म्हणजे भावाचा विशाल. परवा गावातल्या पोरांची मोटारसायकलवरून तिरंगा रॅली आहे, आत्यानं मोठ्या झेंड्याला इस्त्री करून द्यावी. दिली. शाळेतून निवृत्त झाले तरी चुरगळलेला झेंडा दिसला की हात शिवशिवतात. इस्त्री होईस्तोवर त्यानं दोन कप चहा घेतला आणि हळूच विषय काढला.
"आत्या, तुझ्या रस्त्याकडच्या खोलीतले फरशीवाले, ते बंगाली का बांगलादेशी?"
म्हटलं, पश्चिम बंगालातल्या मालद्याचे आहेत. सहा वर्षं राहतायत. आधार कार्ड मी स्वतः पाहिलंय.
"कागद खोटे बी असत्यात."
"तुझी दहावीची मार्कशीट तेवढी खरी निघाली, त्यात मला समाधान आहे."
हसला, पण नेहमीसारखा नाही. विशालच्याच नव्या बंगल्याची निम्मी फरशी ह्या फरशीवाल्या आलमनं बसवलीय, हे त्याला सुनावायचं राहून गेलं.

१३ ऑगस्ट, बुधवार
रॅली साडेपाचला आली. वीस-पंचवीस गाड्या, एक टेम्पो, त्यावर भोंगा. "भारत माता की" झालं की मीही ओट्यावरून "जय" म्हणत होते. मनापासून. मग गाड्या माझ्या घरासमोर थांबल्या आणि घोषणा बदलल्या. घुसखोर, चले जाव, आणि पुढं बरंच. सगळं इथे लिहीत नाही.
आलम कामावर. आत त्याची बायको रेहाना आणि चौथीतली लेक तुली. दार आतून लावलेलं. वि.नं झेंडा दाराच्या दोन कड्यांना ताणून बांधला, या फळीवरून त्या फळीवर. दार उघडलं की झेंडा फाटणार. व्हिडिओ काढणाऱ्या मोबाईलकडं बघून बोलला, "देशावर प्रेम असंल तर हात लावनार न्हाईत." टाळ्या. मग गाड्या पुढं.
झेंडा मीच इस्त्री केलेला.
आणि मी ओट्यावर उभी होते, तोंड उघडलं नाही. लिहून ठेवते, म्हणजे पुढं स्वतःला काही वेगळं सांगता येणार नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार
खोलीच्या मागच्या खिडकीला गज नाहीत, नशीब. खालून स्टूल लावून दिलं. तुलीला मजा. "बाई, आमी खिडकीतून शाळंला चाललो! लई भारी!" ह्या पोरीचं मराठी माझ्यापेक्षा गावरान. रेहाना पदर सावरत उतरली, तेव्हा माझ्याकडं बघितलं नाही.
आलम मिरजगावच्या कामावर निघाला होता. म्हटलं, थांब, मी सोडते झेंडा. म्हणाला, "नको बाई. हात तुमचा असेल, पण नाव आमचंच होईल."
मग ग्रा.पं.त गेले. ग्रामसेवक म्हणाला, "बाई, झेंड्याचा विषय हाय. बांधलेला काढायचा म्हंजी कुनी काढायचा?" म्हटलं, ज्यानं बांधला त्यानं. त्यानं समोरची फाईल उघडली आणि वाचायला लागला.
तिथून पोलिसांत. भाडेकरूची माहिती द्यायची असते. आलमनं दोनदा आठवण करून दिली होती, मी सहा वर्षं दिली नाही. आळस, दुसरं काही नाही. हवालदारानं कागद बघितले, नोंद केली, ठीक आहे म्हणाला. पंधरा मिनिटांचं काम. आधी केलं असतं तर वि.च्या तोंडावर मारायला एक कागद तरी असता. माझी चूक.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
शाळेत झेंडावंदन. तुली इस्त्रीच्या गणवेशात खिडकीतून, बूट हातात. कवायतीत पहिल्या रांगेत. प्रतिज्ञाही तिनंच सांगितली, माईकवर, कुठं न अडखळता. वि. मागं पोरांत उभा होता. प्रतिज्ञेला त्यानंही हात पुढं केला. काय मनात आलं असेल त्याच्या? काही आलंच नसेल.
संध्याकाळी पाऊस. दारावरचा झेंडा भिजला, कड्यांचा गंज लागला. झेंडा मळू द्यायचा नाही, फाटू द्यायचा नाही, असं आयुष्यभर मुलांना सांगत आले. आता माझ्याच ओट्यावरून रोज बघते आणि

१६ ऑगस्ट, शनिवार
वहिनी आली, वि.ची आई. पदरानं तोंड पुसत बसली. "वन्सं, माझं सैपाकघर उकरून ठिवलंय, अन् फरशीवाला आमच्याकडं येईना. गनपती तोंडावर आलं. फरशी हुईपर्यंत तरी ऱ्हाऊ द्या त्यास्नी, विशालला सांगा की तुमी."
"हुईपर्यंत तरी" ऐकून डोकं फिरलं. म्हटलं, फरशी झाली की माणूस उचलून फेकायचा का? जरा जास्तच बोलले. तिचा चहा निवला तसाच. जाताना म्हणाली, "मी बी बोलते त्याला. आई हाय मी."
सहाला आलम आला. तिकीट काढलं, तिघांचं. ३० तारीख, नगरहून हावड्याची गाडी. "तुलीचा शाळेचा दाखला काढून द्याल, बाई?" हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. फार वाईट वाटतंय. वि.चा राग येतो, पण माझा स्वतःचा त्याहून जास्त.

१७ ऑगस्ट, रविवार
आज नाही थांबले. सकाळी आठला झेंडा सोडायला गेले, भर रस्त्यावर, सगळ्यांसमोर. आलमला आधी सांगितलं, आज नाव माझंच होणार, तू आत बस. हात धुतले आणि ओट्यावरून उतरले. समोर टपरीवर चार-पाच जण. एकानं मोबाईल वर केला. म्हटलं, "नीट काढ रे, हलवू नको. चौथीला माझ्याच वर्गात होतास ना?" मोबाईल जरा खाली आला.
पण गाठी सुटेनात. भिजून वाळलेल्या, आणि माझी बोटं ही अशी. दातानं ओढावं वाटलं, पण झेंड्याला दात कसा लावणार? पाच मिनिटं झाली, दहा झाली. घाम. गुडघा ठणकायला लागला. आतून दाराला चिकटून तुली विचारतेय, "बाई, सुटलं का? आता सुटलं का?"
मागून वि.चा आवाज. "आत्या, बाजूला सर. पडशील."
"पडू दे."
"मी बांधलीय, मला ठावं हाय कुठनं सुटती ते."
सरले. त्यानं दोन्ही गाठी सोडल्या. मग मळका झेंडा हातात घेऊन नुसता उभा. घडी कशी घालायची ते माहीत नाही! रॅलीचा पुढारी! तेवढ्यात दार उघडून तुली बाहेर. "तसं न्हाई दादा. तुमी तिकडची टोकं धरा. केशरी अन् हिरवा खाली दुमडायचा, पांढरा वर. चक्र दिसाया पायजे." परवाच शाळेत शिकवलेलं. दोघांनी मिळून घडी घातली. ती सांगत होती आणि तो ऐकत होता, कान लालबुंद. टपरीवर कुणी हसलं नाही.
रेहानानं दार सताड उघडलं आणि उंबरा झाडायला घेतला. चार दिवसांची धूळ होती.
मी घरात येऊन रडले. आनंदानं, आणि थोडं लाजेनंही. चार दिवस कशाला लावले मी?

२० ऑगस्ट, बुधवार
टपरीवर वि.ला आता "बंगाल्यांचा वकील" म्हणतात. तीन दिवस तिकडं फिरकला नाही. आज इथं आला, खाली मान घालून चहा प्याला.
"आत्या, मी सगळंच चुकलो असं न्हाई म्हनत. बाहेरनं कोन येतंय, ते बघाया नको का?"
म्हटलं, बघ की. दार वाजव, आत ये, चहा घे, विचार. बाहेरून बांधून काय दिसणार तुला?
जाताना खोलीसमोर थांबला. आलम दारातच कटरची पाती पुसत बसला होता. "आईनं बोलावलंय. सैपाकघरातल्या वट्याखालची फरशी ऱ्हायलीय." आलमनं वर न बघता विचारलं, "तुम्ही असणार घरी?" "हाय की. मीबी हाय." "मग उद्या येतो."
एवढंच. माफी वगैरे काही नाही. मी कान टवकारून बसले होते, शब्द आलाच नाही. तरी रात्रीचं जेवण आज गोड लागलं.

२३ ऑगस्ट, शनिवार
वहिनीची फरशी झाली. ओटा छान दिसतो. वि.नं स्वतः सिमेंट कालवून दिलं, असं वहिनी तीनदा सांगून गेली. आलमला विचारलं, तिकिटाचं काय? "आहे अजून, बाई." तोंडावरून काही कळेना.
सकाळच्या शाळेत गेलो, तो आणि मी. मुख्याध्यापिका एके काळी माझ्याच हाताखाली शिकवायच्या. त्यांनी दाखल्यांचं पुस्तक काढलं. तुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. प्रगती चांगली. वर्तणूक चांगली. मग पेन थांबलं.
"शाळा सोडण्याचं कारण?"
हा रकाना मी नोकरीत किती वेळा भरला असेल. वडिलांची बदली. पुढील शिक्षण. पालकांचे स्थलांतर, हे तर न बघता लिहायचे. आज एकही तोंडातून निघेना. आलमकडं बघितलं. तो व्हरांड्यापलीकडं चौथीच्या वर्गाकडं बघत होता. पाढे चालले होते, तुलीचा आवाज सगळ्यांच्या वर.
"काय लिहू?" मु.अ. म्हणाल्या. "खरं ते सांगा, मी लिहिते."
आलम इकडं वळला. म्हणाला, "मॅडम, कारण घरी विचारून येतो."
"कुणाला?"
"तुलीच्या आईला. आणि तुलीला पण."
मु.अ.नी रकाना तसाच ठेवून पुस्तक मिटलं. तिकीट तीस तारखेचंच आहे, रद्द केलेलं नाही. आम्ही दोघंच परत आलो. तुलीला वर्गातच राहू दिलं.