चौदा टूटू

३ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, पार्सल नाही. म्हटलं आपणच लिहावं, कारण आज डोकं इतकं फिरलंय की कुणावर तरी ते रिकामं केल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

आपल्या वर्गातल्या उंच मुलीची आई, ती दातांची डॉक्टरीण, आज शाळेत एक भलं मोठं खोकं घेऊन आली. उघडते तर आत बॅलेच्या झग्यांचा ढीग, चौदा टूटू. तयार, विकतचे, प्लास्टिकच्या पिशव्यांत घड्या घालून! टूटूची कुणी घडी घालतं का? म्हणे, तुमचा त्रास वाचवला. मी तिला शांतपणे सांगितलं की या शाळेत, ती काढणाऱ्या बाईंच्या काळापासून, टूटू हातानेच शिवला जातो. कमरेभोवतीच्या घेराला जाळीचे दहा थर, आणि प्रत्येक थर हाताने चुण्या घालून जोडलेला. मशीनवर शिवला तर तो ताठ राहत नाही, मुलगी वळली की लोंबतो. आणि गेली अठ्ठावीस वर्षं माझी वहिनी ते शिवते, हेही सांगितलं. खोकं परत पाठवलं. आता पाच आया म्हणतात, हेच विकतचे चालणार नसतील तर मुलींना कार्यक्रमात उतरवणार नाही. उतरवू नका म्हणावं.

कार्यक्रम वीस डिसेंबरला आहे. तुझे टूटू कधी पाठवतेस? निदान सात तरी आधी पाठव. दादाला म्हणावं, पार्सल बसमध्ये ठेवताना उभं ठेव, मागच्या खेपेसारखं त्यावर बसू नकोस.

तुझ्या लोभावर शाळा चालते, तो आटू देऊ नकोस.
तुझी नणंद

९ नोव्हेंबर

प्रिय वन्संना,
नमस्कार, वि. वि.

बसून वाचा. ते खोकं मीच पाठवायला लावलं.

डॉक्टरीणबाईंना दुकानाचा पत्ता मी दिला, मापं मी कळवली, जाळी कुठली घ्यायची तेही मीच सांगितलं. त्या बिचारीने माझं नाव सांगितलं नाही, कारण मी तसं बजावलं होतं. तिला बोल लावू नका.

वन्सं, उजव्या हाताची तीन बोटं सकाळी उघडत नाहीत. कोमट पाण्यात अर्धा तास बुडवली की मग चहाचा कप धरता येतो. डॉक्टर दोन वर्षांपासून सुई सोडा म्हणताहेत. मागच्या वर्षीचे शेवटचे चार टूटू तुमच्या दादांनी सुईत दोरा ओवून ओवून दिला आणि मी रडत शिवले. जुलैत तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी सांगणारच होते. पण मी तोंड उघडेपर्यंत तुम्ही बाई काय म्हणायच्या ते सुरू केलंत आणि मी हो म्हणून बसले. तुमच्यापुढे नाही म्हणायचं तर तुम्ही श्वास घ्यायला थांबायला तरी हवं.

चुकलं माझं. पण टूटू शिवलेले नाहीत आणि शिवले जाणारही नाहीत.

लोभ आहे तेवढा तरी राहू द्या.
तुमची वहिनी

१२ नोव्हेंबर

वहिनीस,
नमस्कार.

पत्र मिळालं. चारचौघींसमोर मी त्या डॉक्टरणीला बाईंची परंपरा शिकवत होते आणि तिला आतलं सगळं ठाऊक होतं. मला मात्र नव्हतं. दादालाही ठाऊक होतं, त्यानेही तोंड उघडलं नाही. दोघांनी मिळून मला छान बनवलंत.

मी स्वतः शिवेन. मलाही हात आहेत.

नणंद

२७ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

शिवला. म्हणजे तीन थर शिवले. त्याला अकरा दिवस लागले. चौथा जोडायला गेले तर पहिला उसवला. सगळ्यात लहान मुलीला तो घालून पाहिला. ती आरशात बघत राहिली आणि मग अगदी अदबीने म्हणाली की तिला त्यापेक्षा साध्या फ्रॉकवर नाचायला आवडेल. माझ्या पाच बोटांना पट्ट्या आहेत, म्हणून अक्षर असं आलंय.

काल डॉक्टरणीकडे खोकं मागायला गेले. तिने लगेच आत जाऊन ते आणून दिलं. मला हवं होतं की तिने दोन शब्द सुनवावेत, म्हणजे फिट्टंफाट झाली असती. तिने तेही केलं नाही. उलट पट्ट्या बदलून दिल्या.

वहिनी, अठ्ठावीस वर्षांत एका टूटूला किती दिवस लागतात हे मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारत नाही, कारण कळलं. तू माझ्यावर चिडली असशील तर चिड, पण वीस तारखेला ये. दरवर्षी तू पडद्यामागे सुई घेऊन उभी असतेस. या वर्षी तिसऱ्या रांगेत तुझी खुर्ची ठेवली आहे. हात रिकामे घेऊन ये.

रागाच्या जोडीला लोभही असू दे.
तुझी नणंद

२२ डिसेंबर

प्रिय वन्संना,
नमस्कार, वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. प्रवासभर मी तुमच्या दादांशी बोलले नाही, कारण माझा पारा चढलेला होता आणि जवळ तेच होते.

मी पहिल्यांदाच पुढे बसून नाच पाहिला. मुली सुंदर नाचल्या, ते सोडा. मी टाके शोधत होते. कमरपट्टीचे बारीक टाके, हुकांखालची दुहेरी शिवण, चुण्यांची ओळ, सगळं शोधलं. तिसऱ्या रांगेतून काहीही दिसत नाही! विकतचे ते आणि माझे ते, कुणालाही फरक कळला नसता. मध्यंतरात तुम्ही शेजारी येऊन बसलात तेव्हा हेच मी तुमच्या कानात सांगितलं, तर तुम्ही खाली बघत म्हणालात की ते तुम्हाला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. हॉल भरलेला नसता तर मी तिथल्या तिथे तुमची वेणी ओढली असती.

मग घंटा झाली. पडद्यामागे चौदा मुली तुमची वाट बघत होत्या. पण तुम्ही उठला नाहीत. माझा उजवा हात मांडीवर घेतलात आणि एकेक बोट हलक्या हाताने उघडून बघत राहिलात. पडदा वर गेला, तुम्ही बसवलेला सगळा नाच झाला, टाळ्या झाल्या, आणि तुम्ही त्यातलं काही पाहिलं नाहीत.

मी अजून रागावलेली आहे, हे लक्षात असू द्या. लोभाचं विचारू नका, तो आहे तिथेच आहे.
तुमची वहिनी

ता. क. हे पत्र तुमच्या दादांनी लिहिलं. सांगितलं मी.