आवाज जपणे

४ फेब्रुवारी, अम्मान
आजपासून सिगारेट बंद. आवाज आता माझा एकट्याचा राहिला नाही. जन्मभर रेडिओवर बातम्या वाचल्या, निवृत्तीला एक भिंतीवरचं घड्याळ देऊन लोक विसरून गेले. पण शेवटी कदर होतेच. एका कंपनीची इंजिनिअर, लुब्ना, घरी येऊन गेली. फोनवरचा कुठलाही मजकूर वाचून दाखवणारं ॲप करतायत. त्यात माझा आवाज! पुस्तक, पेपर, मेसेज, समोर येईल ते मीच वाचणार. मेल्यावरसुद्धा. "उस्ताद, असा आवाज आता मिळत नाही," म्हणाली. पोरीला कळतं.

११ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग सुरू. वाक्यं अगदीच मामुली. 'मांजर खिडकीत बसलं आहे.' मी युद्ध जाहीर झाल्यासारखं वाचलं. काचेपलीकडची मंडळी माना खाली घालून हलत होती. भारावली असणार.
सिगारेट एक. जेवणानंतरची धरत नाहीत.

२० फेब्रुवारी
अफाफला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. पडदा गेलाय, वाचन बंद. बायको सोशिक आहे, पण कादंबऱ्यांचं व्यसन. टॅक्सीत म्हणाली, "रोज चार पानं वाचून दाखवाल का हो?" समजावलं, की करार झालाय, गळा वाटेल तसा खर्च करता येत नाही. तिनं ड्रायव्हरला रेडिओ लावायला सांगितला. पटलं असावं.

२ एप्रिल
ॲप आलं! अफाफच्या फोनमध्ये मीच घालून दिलं. आता दिवसभर स्वयंपाकघरात मी. आज ती वांगी तळत होती आणि मी एका विधवेचं प्रेमप्रकरण सांगत होतो. राहवेना म्हणून दारात जाऊन म्हटलं, इथे जरा थांबून वाचायला हवं होतं. तर म्हणाली, "शूऽऽ! ऐकू द्या." इतक्या वर्षांत माझं इतक्या मनापासून तिनं कधीच ऐकलं नव्हतं.

९ एप्रिल
रेडिओवरच्या मुनीफचा फोन. "काय रे नझीह, नोकरीबरोबर व्याकरणही सोडलंस?" ॲप माझ्या आवाजात शब्दांचे शेवट चुकवतं. आमच्या अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, ते वाचणाऱ्यानं जाणायचे; कुणी कुणाला काय केलं, ते त्यांवरच ठरतं. यंत्र अंदाजपंचे ठोकतं. काल म्हणे मी चोराकडून पोलिसाला पकडवलं. लुब्ना म्हणते, बघू.
मुनीफ जळतो. त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

२३ एप्रिल
वरच्या मजल्यावर फव्वाज वकील राहतो. जन्मांध. अशांसाठी तर माझं हे कार्य, म्हणून मुद्दाम गेलो. त्याच्या फोनमधून चिमण्या भांडल्यासारखं काहीतरी येत होतं. हे काय? तर म्हणे निकालपत्र, चौपट वेगानं. आवाज कुणाचा? "असेल कुणी बाई. आधी एक म्हातारा होता. कितीही पळवा, मेला झोपाळूच."
तो म्हातारा मीच, हे सांगितलं नाही. आंधळ्या माणसाला कशाला लाजवायचं.
मग खाली दुकानात जाऊन सिगारेटचं पाकीट घेतलं. दोन ओढल्या.

१४ मे
अफाफ बहिणीला फोनवर सांगत होती, "हा नझीह बरा आहे ग. बोट लावलं की गप्प." दोघी खूप वेळ हसल्या. बायकांची थट्टा. पण मी बरा आहे, हे कबूल केलं ना.

६ जून
लुब्नाचा फोन. माझा आवाज आता फक्त फुकटवाल्यांना. पैसे भरणाऱ्यांना दुसरे मिळणार. "तुमच्यामुळे धंदा वाढला, उस्ताद. तुम्हाला ऐकलं की लोक लगेच पैसे भरतात."
म्हणजे गोरगरीब जनता माझ्याकडे. चांगलंच आहे. श्रीमंतांची हांजी हांजी मला कधी जमली नाही.

१९ जून
आज स्वयंपाकघरात दुसराच माणूस. कैरोकडचा. गोड, जरासा घोगरा. अफाफनं वर्षाचे पैसे एकदम भरलेत. तिच्या नव्या दातांसाठी ठेवलेले.
करार गेला खड्ड्यात, असं ठरवलं. तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, अफाफ, उद्यापासून मी स्वतः वाचून दाखवतो. हवी तितकी पानं. एकही चूक नाही, आणि फुकट.
तिनं त्या माणसाला थांबवलं. माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला किती दिसतं कोण जाणे.
मग विचारलं, "तुमच्याकडे दुसरा आवाज आहे का?"
नाही म्हणालो.